जुन्या हिमवाहनाचे इंजिन बदलताना या चुका टाळा

पट्ट्यांवर चालणारे जुने हिमवाहन चढावर धापा टाकू लागले की मालकाला पहिल्यांदा सुचते ते मोठे इंजिन बसवणे. हा विचार चुकीचा नसतो, पण बहुतेक वेळा तो फार लवकर केलेला असतो. गोव्यातल्या माणसाचा हिमवाहनांशी काय संबंध, असे कोणी विचारील, म्हणून सांगतो की भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली होती आणि आजही या मोहिमांचा कारभार वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. ट्रॉलर आणि बार्ज यांच्या इंजिनांवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या मेकॅनिकला अंटार्क्टिकातील भारताच्या मैत्री केंद्रावर एका उन्हाळी मोसमात वाहनांची देखभाल करायला मिळाली. पुढे हिमाचलातील एका हॉटेलमालकाने 1960 च्या दशकातील एक छोटे स्वीडिश हिमवाहन विकत घेतले आणि त्याचे इंजिन बदलण्याचे काम आमच्या वर्कशॉपकडे सोपवले. त्या कामात ज्या चुका आमच्या हातून झाल्या आणि ज्या थोडक्यात टळल्या, त्या इथे लिहितो.

शक्ती कुठे जाते ते न पाहता इंजिनाला दोष देणे

त्या हिमवाहनात फोक्सवॅगनचे, हवेने थंड होणारे 1200 सीसीचे इंजिन होते. समुद्रसपाटीवर ते सुमारे 36 अश्वशक्ती आणि 8 किलोग्रॅम-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, देते. अडीच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश उरतो, त्यामुळे टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेल्या कोणत्याही इंजिनाची शक्तीही जवळपास तेवढीच उरते. म्हणजे मालकाच्या हाती प्रत्यक्षात 27 अश्वशक्ती होती. त्यातच कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी जेट समुद्रसपाटीची असेल तर विरळ हवेत पेट्रोल जास्त पडते, स्पार्क प्लग काजळतात आणि उरलेल्या शक्तीतलीही काही वाया जाते. उंचीला योग्य अशी लहान जेट बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि इंजिन उतरवण्याआधी ते झालेच पाहिजे.

त्यानंतर वाहन ओढून पाहावे. सपाट, दाबलेल्या बर्फावर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, मध्ये वजनकाटा अडकवून दुसऱ्या वाहनाने ते हळूहळू ओढावे आणि काट्यावर किती किलो दिसतात ते लिहून ठेवावे. आमच्या थोरल्या मेस्त्रींची बार्जच्या कामातली पहिली शिकवण हीच होती की इंजिनावर शंका घेण्याआधी शाफ्ट मोकळा फिरतो का ते बघायचे. जुन्या हिमवाहनात बोगी चाकांची (पट्ट्याच्या आतून वजन पेलणाऱ्या चाकांची) बेअरिंग जाम झालेली असतात, पट्टा गरजेपेक्षा घट्ट ताणलेला असतो, ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, आणि चाकांच्या मध्ये बर्फ दाबून बसलेला असतो. यातले प्रत्येक कारण वाहनाला मागे खेचत असते.

किती खेचते, याचा हिशेब सोपा आहे. ओढ किलोग्रॅममध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला 75 ने भागले की अश्वशक्ती मिळते. 1500 किलोचे वाहन शंभर मीटरला वीस मीटर चढणाऱ्या उतारावर न्यायला सुमारे 300 किलोची ओढ लागते. पट्ट्यांचा आणि बर्फाचा विरोध 200 किलो धरला तर एकूण 500 किलो होतात, आणि ताशी 10 किलोमीटर वेगाला स्प्रॉकेटवर (पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) साधारण साडेअठरा अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेटच्या आधीचे शेवटचे गिअर) यांमध्ये वाया जाणारा भाग मिळवला की हा आकडा पंचविशीच्या घरात जातो, म्हणजे उपलब्ध 27 पैकी जवळजवळ सगळी शक्ती संपते. बेअरिंग, ब्रेक आणि ताण नीट करून विरोध 120 किलोवर आणता आला, तर एक रुपयाचे इंजिन न घेता स्प्रॉकेटवर तीन अश्वशक्ती वाचतात. एवढ्यानेच पुष्कळ मालकांचे समाधान होते.

याचा सर्वांत मोठा पुरावा मला इतिहासात दिसतो. सर एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवर. त्या ट्रॅक्टरांची शक्ती अवघी 28 अश्वशक्तीच्या आसपास होती, आणि ध्रुव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,800 मीटर उंचीवर आहे.

टॉर्क पाहून भुलणे

आमची सर्वांत महागात पडलेली चूक ही होती, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. मारुती स्विफ्टमध्ये पूर्वी येणारे 1.3 लिटरचे टर्बो डिझेल इंजिन भंगारात सहज मिळते. ते 75 अश्वशक्ती देते आणि त्याचा टॉर्क मिनिटाला 2000 फेऱ्यांना 190 न्यूटन-मीटर, म्हणजे जवळपास साडेएकोणीस किलोग्रॅम-मीटर आहे. टर्बोमुळे उंचीवर ते फारसे दमत नाही. कागदावर याहून चांगली निवड दिसत नव्हती, आणि आम्ही तेच बसवले.

या जातीच्या हिमवाहनात वळण्याची यंत्रणा ब्रेकवर चालत नाही. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती रुंद बेल्टवरून, व्यास कमीजास्त होणाऱ्या पुल्यांमधून दोन्ही बाजूंना जाते. स्टीअरिंग फिरवले की एका बाजूची पुली लहान आणि दुसऱ्या बाजूची मोठी होऊन दोन्ही पट्ट्यांचा वेग बदलतो. ही रचना 8 किलोग्रॅम-मीटरच्या टॉर्कसाठी केलेली होती. पहिल्याच चढावर, पहिल्या गिअरमध्ये, वळत असताना तो बेल्ट घसरला, तापला आणि जळाला. दुसरा बेल्ट मिळायला मोसम उलटून गेला. दुसऱ्या महायुद्धातील एम-29 वीझल या हिमवाहनात वळण्यासाठी ब्रेकने नियंत्रित होणारा डिफरन्शियल (दोन्ही बाजूंना शक्ती वाटणारे गिअर) असतो, त्यामुळे तिथे बेल्ट जळणार नाही. पण तिथेही फायनल ड्राइव्हचे दात, हाफ शाफ्ट आणि ब्रेकचे बँड हे सहा सिलिंडरच्या, सुमारे सत्तर अश्वशक्तीच्या स्टुडबेकर इंजिनाला अनुसरूनच बनवलेले आहेत. शाफ्ट मोडतो तो टॉर्कने, आणि टॉर्क गिअरच्या गुणोत्तराने वाढत जातो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनावरचा दुप्पट टॉर्क स्प्रॉकेटपाशीही दुप्पटच पोहोचतो.

मत्स्यव्यवसायात ही गोष्ट आम्हाला चांगली माहीत आहे. ट्रॉलरला मोठे इंजिन बसवून पंखा आणि शाफ्ट जुनाच ठेवला तर काय होते, ते कुटबण आणि वास्कोच्या जेटीवरच्या कोणत्याही तांडेलाला विचारावे. तरीही बर्फाच्या वाहनात तीच चूक आमच्या हातून झाली, कारण वाहन नवीन आणि अनोळखी होते.

दुसऱ्या खेपेस आम्ही मारुती जिप्सीचे 1298 सीसीचे पेट्रोल इंजिन घेतले. त्याचा टॉर्क 4500 फेऱ्यांना 103 न्यूटन-मीटर आहे. अडीच हजार मीटरवर तो सुमारे 77 पर्यंत उतरतो, म्हणजे जुन्या फोक्सवॅगनचा समुद्रसपाटीवर जेवढा टॉर्क होता जवळजवळ तेवढाच. त्यामुळे वळण्याच्या बेल्टवर आणि फायनल ड्राइव्हवर मूळ कल्पनेपेक्षा जास्त भार येत नाही. शक्ती वाढते ती फेऱ्यांमुळे: 4500 फेऱ्यांना, उंचीवरची घट वजा करूनही, सुमारे 49 अश्वशक्ती मिळते, आणि आधी तिथे 27 मिळत होती. वाहनचालकाला मात्र एक गिअर खाली ठेवून इंजिन फिरते ठेवायला शिकावे लागते, आणि गिअरबॉक्सची पुढची बेअरिंग त्या फेऱ्यांना योग्य आहेत का ते तपासावे लागते. शिवाय जिप्सीचे सुटे भाग पहाडातल्या लहान गावांतही मिळतात, आणि बर्फात अडकलेल्या माणसासाठी हा गुण अश्वशक्तीपेक्षा मोठा आहे.

डिझेलच हवे असेल तर वेगाचा हिशेबही आधी करावा. जुने पेट्रोल इंजिन 3600 फेऱ्या फिरत असेल आणि नवीन डिझेल 2600 वरच थांबत असेल, तर स्प्रॉकेट न बदलता वाहनाचा कमाल वेग चौथ्या हिश्श्याहून अधिक खाली येतो.

वजन न करता इंजिन बसवणे

हिमवाहन बर्फावर तरते ते त्याचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरलेले असते म्हणून. पन्नास सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे, प्रत्येकाची जमिनीला टेकलेली लांबी दोन मीटर, म्हणजे एकूण 20,000 चौरस सेंटिमीटर. त्यावर 1500 किलो ठेवले तर दर चौरस सेंटिमीटरला 75 ग्रॅम दाब येतो. पाण्याने थंड होणारे इंजिन घेतले की रेडिएटर, पंखा, पाणी, मोठी बॅटरी हे सगळे आले. यातून दीडशे किलो वाढले तर सरासरी दाब दहा टक्क्यांनी वाढतो, आणि ते वजन एकाच टोकाला वाढले असेल तर त्या टोकाला दाब त्याहून बराच वाढतो. नाक जड झालेले वाहन ताज्या बर्फात स्वतःसमोरच बर्फाची भिंत उभी करते. म्हणून जुने इंजिन उतरवताना त्याचे आणि त्याच्या सगळ्या जोडभागांचे वजन करावे, नव्याचेही करावे, आणि बॅटरी व टाकी विरुद्ध टोकाला नेता येते का ते पाहावे.

जोडणीतल्या बारीक चुका

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली अॅडॉप्टर प्लेट आम्ही वेर्णा येथे मशीनवर करून घेतली. प्लेट बसवल्यावर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) मध्यछिद्राची डायल गेजने तपासणी केलीच पाहिजे. गेजवर फरक 0.13 मिलिमीटरपेक्षा जास्त दिसला तर क्लच धरतो, गिअर खरखरतात आणि पायलट बेअरिंग काही तासांत संपते. हे गिअरबॉक्सचे दुखणे समजून लोक गिअरबॉक्स उघडतात, तो उघडू नये. दुसरे, इंजिन कोणत्या दिशेने फिरते ते आधी पाहावे. शेव्हरोले कॉर्व्हेअरचे इंजिन फोक्सवॅगनच्या उलट फिरते, आणि ते तसेच बसवले की वाहन पुढच्या गिअरमध्ये मागे चालते.

गोव्याच्या सवयी बर्फात नेणे

आमच्याकडच्या उकाड्यात कित्येक मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि रेडिएटरमध्ये नळाचे पाणी भरतात. बर्फात या दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि ब्लॉक फोडते. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल या मिश्रणाने उणे 35 अंशांपर्यंत संरक्षण मिळते. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कधीच पुरेसे तापत नाही, न जळलेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी ऑइलमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर पांढरट मलई दिसू लागते. ती पाहून हेड गॅस्केट गेले असे वाटते, पण आधी थर्मोस्टॅट पाहावा.

ऑइल 15डब्ल्यू-40 ऐवजी 5डब्ल्यू-40 किंवा त्याहून पातळ घ्यावे. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि उतरलेली बॅटरी गोठून फुटते. साध्या डिझेलमध्ये थंडीने मेण धरते आणि फिल्टर बुजतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये आणलेले हिवाळी डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहते. केरोसीन मिसळून काम भागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की त्याने पंपाला मिळणारे वंगण कमी होते.

आम्ही नवे इंजिन वर्कशॉपमध्ये स्टँडवर चालवून पाहिले आणि तापमान ठीक आहे म्हणून निश्चिंत झालो. बर्फात मात्र पट्ट्यांनी उडवलेला बर्फाचा भुगा थेट एअर फिल्टरवर बसत होता आणि दर वीस मिनिटांनी इंजिन गुदमरत होते. हवा घेण्याचे तोंड केबिनच्या मागे, उंचावर नेल्यावर ते थांबले. इथल्या किनाऱ्याच्या वाळूत चाचणी घेण्याचा विचारही कोणी करू नये. किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहेच, शिवाय वाळू बोगी चाकांच्या सीलमध्ये शिरून बेअरिंग खाते.

केबिनमधला धूर

छोट्या हिमवाहनात इंजिन आणि माणसे जवळजवळ एकाच पेटीत असतात. इंजिन बदलताना मधल्या पत्र्याला नवी भोके पडतात आणि जुनी उघडी राहतात. हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगनमध्ये तर केबिनची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या कवचातूनच येते, आणि त्या कवचातली एक्झॉस्टची नळी गंजून फुटली की विषारी वायू थेट आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होणे, झोप येणे हीच त्याची खूण, आणि थंडीत दमलेल्या माणसाला ती खूण कळत नाही. प्रत्येक वायरला रबरी ग्रोमेट बसवावा, वापरात नसलेले प्रत्येक भोक पत्रा लावून बंद करावे, आणि एक्झॉस्टचे तोंड छताच्या वर न्यावे, कारण खाली ठेवलेले तोंड वाहन उभे असताना बर्फात गाडले जाते. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय मी आता कोणतेही वाहन ताब्यात देत नाही.

पहिल्या दहा तासांनंतर

काम झाल्यावर पहिले दहा तास वाहन हलक्या भाराने चालवावे. मग इंजिन माउंटचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, पट्ट्यांचा ताण तपासावा, आणि फायनल ड्राइव्हचे ऑइल स्वच्छ भांड्यात काढून त्यात चुंबक फिरवावा. चुंबकाला बारीक, राखाडी पीठ चिकटले तर ते नव्या बसणाऱ्या दातांचे असते; टोचणारे तुकडे मिळाले तर पुढच्या चढावर जाण्याआधी केस उघडावी.