होस्टेलचं पहिलं वर्ष: या चुका टाळा, आणि झाल्याच असतील तर अशा निस्तरा

सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर मी चार वर्षं काढली. सोडायला आलेल्या आई-बाबांना धास्ती होती रॅगिंगची, मला इंग्रजीची. इंग्रजीचं दोन महिन्यांत आपोआप निभावलं. पिडलं ते बादलीनं, कुलपानं आणि बँकेच्या खात्यानं.

कुलपापासूनच सुरू करतो. नव्या कुलपाच्या दोन चाव्या येतात आणि दोन्ही एकाच खोलीत राहतात, एक खिशात आणि दुसरी कपाटात. खिशातली हरवते ती नेमकी रात्री. माझं कुलूप वॉचमनकाकांनी हेक्सॉ ब्लेडनं कापलं तेव्हा अख्खा मजला बघायला जमला होता. ओळखी व्हायला बरं पडलं, पण दुसरी चावी शेजारच्या खोलीतल्या मित्राकडे ठेवणं त्याहून स्वस्त.

शिष्यवृत्तीचे पैसे जातात कुठे?

सगळ्यात महाग चूक ही, आणि ती होते अगदी निष्पापपणे. कॅम्पसमध्ये बँकेचा माणूस टेबल टाकून बसतो, झीरो बॅलन्स खातं उघडून देतो. फॉर्मवर आधार लिंक करण्यासाठी एक चौकोन असतो, त्यावर आपण टिक करतो. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि आधार ज्या बँकेत शेवटी जोडलं तेच खातं धरलं जातं. म्हणजे तुम्ही गावाकडच्या बँकेत पासबुक भरून भरून दमता आणि पैसे पडलेले असतात कॅम्पसमधल्या विसरलेल्या खात्यात. ते खातं मधल्या काळात बंद पडलं असेल तर पैसे अडकतात.

तपासायला पाच मिनिटं लागतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. मात्र त्यासाठी ओटीपी लागतो, आणि आपल्या आधारला नंबर असतो बाबांचा. बाबा असतात शेतात, फोन असतो घरी चार्जिंगला. म्हणून गणपतीत किंवा दिवाळीत घरी जाल तेव्हा आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. केंद्रात स्वतःलाच जावं लागतं, घरच्यांना पाठवून चालत नाही.

आणखी एक. अर्ज भरला म्हणजे झालं, असं समजू नका. कागद अस्पष्ट असला, उत्पन्नाचा दाखला जुना असला, की कॉलेजचा शिष्यवृत्ती विभाग अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवतो, आणि तो तुमच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायचं. होस्टेलवर राहत असाल तर अर्जात ‘डे स्कॉलर’ (घरून ये-जा करणारा) निवडू नका. निर्वाह भत्ता वसतिगृहात राहणाऱ्यांना वेगळा असतो, आणि त्यासाठी रेक्टरांच्या सहीचा दाखला लागतो. ती सही पहिल्याच आठवड्यात घ्या. मुदत संपायच्या दिवशी रेक्टर सापडत नाहीत, हा सर्व होस्टेलांचा अनुभव आहे.

पंचाहत्तर टक्के

‘सुरुवातीला कुणी हजेरी बघत नाही’ हे सीनियरचं वाक्य ऐकून पोरं सकाळचं लेक्चर झोपेत घालवतात. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, आणि गणित सोपं आहे. सत्रात एका विषयाची ४० लेक्चर्स असली तर ३० बसावी लागतात. निम्मी झाली आणि तुमची हजेरी १२ असेल, तर उरलेल्या २० पैकी १८ गाठायची आहेत, म्हणजे अजून आशा आहे. ९ असेल तर सगळी बसूनही भागत नाही. तेव्हा सत्र संपण्याची वाट न बघता क्लास टीचरांना आत्ताच भेटा. आजारी होतात तर डॉक्टरचा कागद त्याच आठवड्यात द्या. महिन्यानंतर आणलेल्या मेडिकलकडे सगळे हसून बघतात.

प्रॅक्टिकल तर बुडवूच नका. ती मोजकीच असतात, शिवाय जर्नलवरची सही त्या-त्या वेळीच सहज मिळते. ड्रॉइंगच्या शीटचंही तसंच. काचेखाली दिवा लावून जीटी (ग्लास ट्रेसिंग, म्हणजे दुसऱ्याची शीट गिरवणं) मारता येते, हे तुम्हाला पहिल्या महिन्यात कळेलच. पण परीक्षेच्या हॉलमध्ये काच नेता येत नाही.

रॉड आणि गरम पाणी

सोलरचं पाणी पहाटे उठणाऱ्यांनाच मिळतं. मग कुणीतरी हीटिंग रॉड आणतो. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर खेचतो, आणि खोलीतला साधा प्लग असतो ६ अँपिअरचा. त्यावर एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शनवर लॅपटॉप. प्लग पिवळा पडायला लागला किंवा जळका वास आला, तर आधी बटण बंद करा आणि रॉड घरी पाठवा. रेक्टरनं जप्त केला तर दंडही बसतो. मी संध्याकाळी खेळून आल्यावर गार पाण्यानं आंघोळ करायला लागलो. तेव्हा बाथरूमला रांगही नसते.

मेस आणि खाडे

मेसला नावं ठेवणं हा होस्टेलचा धर्म आहे, तो पाळा. पण जेवण टाकून रोज रात्री वडापाव-मॅगी केली की पैसे दोनदा जातात. घरी जाताना खाडे आधी सांगायचे असतात. किती दिवस सलग असले तर पैसे कापून मिळतात, हे महिना सुरू होतानाच मेसवाल्या काकांना विचारा, आणि खाडे वहीत त्यांच्यासमोर लिहून या. नुसतं तोंडी सांगितलेलं महिनाअखेरीस कुणालाच आठवत नाही.

ताप आला तर

पावसाळ्यात डेंग्यूची साथ होस्टेलला सोडत नाही. रूममेटच्या डब्यातली कुठलीही गोळी गिळू नका. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी. आईला काळजी वाटेल म्हणून लपवतात त्यांनी किमान रेक्टरांना तरी सांगावं. रात्री-अपरात्री अंगात त्राण नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत येते.

रॅगिंगबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. ‘इंट्रो’ नाव-गाव विचारण्यापर्यंत असेल तर द्या. त्यापुढे गेली तर गप्प बसू नका.

रूममेटचं काय? पंख्याचा वेग, दिवा किती वाजता बंद आणि पहाटेचा अलार्म, या तीन गोष्टी पहिल्या आठवड्यात हसत बोलून घ्या. नोव्हेंबरात बोलायला गेलात तर भांडण होतं. आमच्या खोलीत एकाचे पाच अलार्म वाजायचे. तो सोडून आम्ही सगळे उठायचो.

दर शनिवारी घरी पळायची सवयही लावून घेऊ नका. मुलींना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे त्यांचा मोह जास्त. पण मैत्री जमते ती रविवारी दुपारी कपडे धुताना, दोरीवरच्या जागेवरून हुज्जत घालताना.

दिवाळीचं मात्र आधीच बघा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. प्रवेशाचे राउंड लांबले की वर्ग सुरू होईपर्यंत तिकिटं संपत आलेली असतात. आणि येताना फराळ दोन डब्यांत आणा. एक खोलीत सगळ्यांसमोर उघडायचा, दुसरा कपाटात कुलपाआड. पहिला त्याच रात्री संपतो.