पाणी उकळूनही पोट का बिघडतं? घरात होणाऱ्या या चुका टाळा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे, रुग्ण वाढले. नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत यायची. आधी जुलाब, मग काही दिवसांनी हातापायांतली ताकदच जाते, असा आजार असतो हे तोवर आम्हाला माहीतही नव्हतं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो, हे कळल्यावर घरोघरी पातेली गॅसवर चढली.

तरीही आमच्या शेजारच्या घरात दोन्ही मुलांना जुलाब लागले. त्यांची आई रडकुंडीला आली होती. "काकू, थेंबसुद्धा न उकळता देत नाही हो मी!"

मी एक सकाळ तिच्या स्वयंपाकघरात बसले. पाणी तिने अगदी नीट उकळलं. मग मांडणीतली ताटली घेतली, नळाखाली धरून खळबळली आणि ओलीच पातेल्यावर झाकली. निवल्यावर ते पाणी माठात ओतलं, त्यात कालचं चार बोटं पाणी तसंच होतं. धाकट्याने पेला थेट माठात बुडवला, बोटांसकट. थोरला बेसिनवर नळाच्या पाण्याने चूळ भरत होता. पोह्यांवर घालायची कोथिंबीर त्याच नळाखाली धुतली गेली. उकळण्यात तिची काहीच चूक नव्हती. चुका गॅसपासून तोंडापर्यंतच्या वाटेत होत होत्या, आणि बहुतेक घरांत त्या तिथेच होतात.

उकळताना

पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करणारे खूप आहेत. ती उकळी नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. खळखळून उकळी फुटली पाहिजे आणि ती पूर्ण एक मिनिट टिकली पाहिजे. तेवढं पुरतं. दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं धरावीत. आपलं कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे, तेव्हा वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. गिझरचं वाफाळतं पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नाही, ते प्यायला घेऊ नका.

उकळलं त्याच भांड्यात, कोरड्या झाकणाखाली निवू द्या. लवकर निवावं म्हणून नळाच्या पाण्याचा बर्फ टाकला तर सगळी मेहनत वाया. माठ हवाच असेल तर तोटीचा घ्या. रोज पूर्ण रिकामा करा, आतून घासा, उकळलेल्या पाण्याने विसळा आणि मगच नवं पाणी भरा. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, तेही माठाबाहेर स्वच्छ जागी टांगलेलं. माठात हात जाता कामा नये, हा एकच नियम लहान मुलांना शिकवलात तरी फरक पडतो.

"तुरटी फिरवली ना!"

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी नितळ दिसलं की मन निर्धास्त होतं, म्हणून ही चूक मला फार घातक वाटते. फडक्याने गाळण्याचंही तसंच. बांगलादेशात जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळल्याने कॉलरा बराच कमी झाल्याचं दिसलं, कारण ते जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना चिकटून असतात. पण काविळीचा विषाणू कुठल्याही कापडातून आरपार जातो.

तुरटीची जागा पहिली आहे, शेवटची नाही. आधी गाळ बसवा, वरचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळा, मग उकळा किंवा मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचे थेंब, घाला. गढूळ पाण्यात थेंब टाकले तर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. गोळ्या असतील तर त्या किती लिटरसाठी आहेत ते पाकिटावर वाचा. वीस लिटरची गोळी तांब्यात टाकू नका, आणि एक लिटरची हंड्याला पुरणार नाही. अर्धा तास थांबा. त्यानंतर क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. अजिबात आला नाही तर तेवढाच डोस पुन्हा द्या आणि थांबा. या वासाला नाकं मुरडणाऱ्या घरातल्या मोठ्यांना सांगा की तो वास आहे म्हणजे औषध शिल्लक आहे.

मशीन आहे म्हणून निर्धास्त राहणं

पाणी शुद्ध करायच्या मशीनचा विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि आपण खूश होतो. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाचाही टीडीएस कमी येऊ शकतो, जंतू त्यात दिसतच नाहीत. मशीनमधला यूव्हीचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा, दिवा वीज गेली की काम करत नाही आणि गढूळ पाण्यातून त्याचा प्रकाश पोहोचत नाही. नळाचं पाणी गढूळ येत असेल त्या दिवसांत मशीनचं पाणीसुद्धा उकळूनच प्या. बाहेरून मागवलेल्या जारला सील नसेल, तर त्या पाण्यालाही नळाच्याच पाण्यासारखं वागवा. थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही.

नळाला टिल्लू पंप

हे जरा सविस्तर सांगते, कारण ही चूक एकाची असते आणि आजार अख्ख्या गल्लीला होतो. आपल्याकडे पाणी दिवसातून ठरावीक वेळ येतं. बाकी वेळ जलवाहिनी रिकामी असते. कुठे ती गटाराशेजारून गेलेली असते, कुठे जोड गळका असतो. आत दाब नसला की बाहेरची घाण फटीतून आत झिरपते. त्यात कुणी टिल्लू पंप लावून पाणी ओढलं की ती घाण अधिकच खेचली जाते. म्हणून पाणी आल्या आल्या पहिला हंडा भरायची घाई करू नका. सुरुवातीचं पाणी बादलीत धरा, संडासाला किंवा फरशीला वापरा. धार स्वच्छ झाल्यावर पिण्याचं भरा, आणि तेही उकळाच.

"आम्ही हेच पितो, काही झालं नाही"

हगवण बहुधा काही दिवसांतच दिसते. ई प्रकारच्या काविळीला लक्षणं दाखवायला दोन ते दहा आठवडे लागतात. आज काही झालं नाही म्हणजे पाणी चांगलं होतं, असं होत नाही. घरात गरोदर बाई असेल तर जास्तच जपा. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतू शकते.

जुलाब लागलेच तर मीठ-साखरेचं पाणी आपण धावपळीत नळाखालीच कालवतो. ते उकळून निवलेल्या पाण्यातच करा. एक लिटरला चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं, शौचातून रक्त गेलं किंवा पायांत मुंग्या येऊन चालताना तोल जायला लागला, तर घरचे उपाय थांबवून लगेच दवाखान्यात न्या.

उकळून भागत नाही तेव्हा

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. शेतातल्या खतांमुळे वाढलेल्या नायट्रेटचंही असंच. पाण्याला रॉकेलचा किंवा औषधाचा वास येत असेल तर ते पिऊ नका, स्वयंपाकालाही घेऊ नका. पाणी दुधासारखं पांढरं दिसून पेल्यात तळापासून वर नितळत गेलं, तर मात्र ती नुसती हवा आहे, घाबरू नका.

गावात जलसुरक्षकाला ओटी टेस्ट, म्हणजे औषधाचा थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, करायला सांगा. थेंब टाकल्यावर पाण्यात पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. जंतू तपासायच्या एच-टू-एसच्या बाटलीतलं पाणी दिवस-दोन दिवसांत काळं पडलं तर ते दूषित समजायचं. तक्रार करताना "पाणी घाण येतं" एवढंच सांगू नका. तारीख, वेळ, किती मिनिटं, रंग, वास आणि शेजारच्या किती घरांत तसंच आलं, हे लिहून द्या. कुठल्या टप्प्यावर गळती आहे ते शोधायला याचाच उपयोग होतो.

पाणी पुन्हा नीट यायला लागलं की आधी सगळे नळ काही मिनिटं सोडून ठेवा. सोसायटीची जमिनीखालची आणि गच्चीवरची, दोन्ही टाक्या उपसून धुवायला लावा. फिल्टरची कँडल बदला. आणि फ्रीज उघडून त्या दिवसांतल्या बाटल्या ओता, बर्फाचा ट्रेही. आमच्या शेजारणीकडे सगळं धुऊन झाल्यावर फ्रीजरमध्ये तोच एक राहिला होता.