इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद जागा कधी बदलतात

मराठीत प्रश्न विचारायला काहीच हलवावं लागत नाही, 'तो येतोय' ला शेवटी 'का' लावला की झाला प्रश्न. म्हणूनच आपल्या तोंडून 'व्हेअर यू आर गोइंग?' निघतं, डोक्यात 'तू कुठे चाललायस' असतं ना.

इंग्रजीत मात्र इज, आर, हॅव, कॅन, विल यातलं जे सहाय्यक क्रियापद वाक्यात असेल ते उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचं, 'व्हेअर आर यू गोइंग?' आणि ते नसेलच, जसं 'शी लाइक्स टी' मध्ये, तर डू, डझ किंवा डिड बाहेरून आणायचं. मग तो 'एस' किंवा भूतकाळ त्याच्याकडे जातो आणि मूळ क्रियापद साधं राहतं, 'डझ शी लाइक टी?' म्हणून 'डिड यू वेंट' चूक, 'डिड यू गो' बरोबर. फक्त 'हू' स्वतःच कर्ता असेल तर काही हलवू नका, 'हू केम?' एवढंच.

आता खरी गंमत, म्हणजे चांगलं इंग्रजी बोलणारे पण इथे चुकतात. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम परत सरळ होतो. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' नाही, 'व्हेअर ही इज'. 'कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?' यात उलटापालट 'कॅन यू' मध्ये होऊन गेली, परत करायची नाही. मला वाटतं हे एक जरी पक्कं केलंत तरी बोलण्यात खूप फरक पडेल.

नेव्हर, हार्डली, नो सूनर असे नकारार्थी शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले तरी सहाय्यक कर्त्याच्या आधी येतं, प्रश्न नसतानाही. 'आय हॅव नेव्हर सीन धिस' सरळ, पण 'नेव्हर हॅव आय सीन धिस'. बारावीच्या पेपरातलं ते 'नो सूनर' आठवतंय? 'नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट', त्याच्यासोबत दॅन आणि हार्डलीसोबत व्हेन, हे मात्र पाठच करा. 'ओन्ली आफ्टर' ने सुरुवात केली तर बदल पुढच्या भागात होतो, 'ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड आय अंडरस्टँड'.

आणि रोजच्या बोलण्यातलं 'मी पण'. समोरच्याच्या वाक्यातलं सहाय्यक घ्यायचं, 'आय ॲम टायर्ड' ला 'सो ॲम आय', 'आय लाइक इट' ला 'सो डू आय', आणि कोणी 'आय कान्ट स्विम' म्हणालं तर 'नायदर कॅन आय'.