गंज कसा चढतो, ते स्वतः करून बघा

‘लोखंडाला पाणी लागलं की ते गंजतं’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ते अर्धंच खरं आहे. पाणी आणि ऑक्सिजन, दोन्ही एकत्र मिळाल्याशिवाय गंज चढत नाही. यावर माझा शब्द मानू नका, चार-पाच दिवस काढा आणि डोळ्यांनी बघा.

आधी साधे काळे लोखंडी खिळे घ्या. जस्ताचा मुलामा असलेले पांढरट चकचकीत खिळे चालणार नाहीत. विकताना खिळ्यांवर तेलाचा हात फिरवलेला असतो, म्हणून त्यांना पॉलिश पेपर मारा, साबणाने धुवा आणि कोरडे पुसा. ही पायरी गाळू नका, नाहीतर तेलच लोखंडाला वाचवेल आणि निष्कर्ष चुकेल.

आता झाकणाच्या तीन काचेच्या बाटल्या. पहिलीत खिळा अर्धा बुडेल इतकं साधं पाणी घाला आणि झाकण उघडं ठेवा. दुसरीसाठी पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाईल. ते झाकून निववा, बुडबुडे न होऊ देता सावकाश ओता, खिळा पूर्ण बुडवा, वर तेलाचा थर सोडा आणि झाकण लावा. तिसरीत कोरडा खिळा आणि बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून झाकण घट्ट बसवा. पहिल्या बाटलीतल्या खिळ्यावर एक-दोन दिवसांत तांबूस डाग दिसू लागतील. बाकीचे दोन खिळे जवळपास होते तसेच राहतील. एकाला पाणी मिळालं पण ऑक्सिजन नाही, दुसऱ्याला ऑक्सिजन मिळाला पण पाणी नाही.

हवेतला ऑक्सिजन खरोखर खर्ची पडतो का, हेही बघता येतं. बिनसाबणाचं स्टील वूल मिनिटभर व्हिनेगरमध्ये भिजवा, पिळून मोकळं करा आणि उंच ग्लासच्या तळाशी घट्ट कोंबा. ग्लास पाण्याच्या ताटलीत उपडा ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी ग्लासात वर चढलेलं दिसेल, साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो, तो संपला की चढण थांबते. मागे उरतो तो मुख्यतः नायट्रोजन, आणि लोखंडाला त्याचं काही देणंघेणं नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो शेवटचा प्रयोग, कारण तो एकाच थेंबात मावतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा आणि काही तास भिंगातून बघत राहा. १९२०च्या दशकात केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी अशाच थेंबांवरून गंजण्याचा अभ्यास केला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी तो कमी पडतो. मग मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड आयन तयार करतात. हे आयन आणि विरघळलेलं लोखंड वाटेत भेटतात, आणखी ऑक्सिजन मिळतो आणि तांबूस कडं उमटतं. थेंब पुसलात की लोखंड झिजलेलं दिसेल मध्यभागी आणि गंज साचलेला दिसेल त्याच्या भोवती! म्हणजे एवढ्याशा थेंबात एक विद्युतघट चालू असतो. मीठ गंज सुरू करत नाही, ते पाण्यातली आयनांची ये-जा सोपी करतं, म्हणून वेग वाढतो.

हा गंज म्हणजे पाणी धरून बसलेलं लोखंडाचं ऑक्साइड. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतंच, पण त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धातूला घट्ट चिकटतो आणि आत काही शिरू देत नाही. गंज मात्र सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो आणि पापुद्रे सोडतो. खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

म्हणूनच गंजावर थेट रंग मारू नका, ओल आतच अडकते. आधी तारेच्या ब्रशने पापुद्रे खरवडा. छोटी वस्तू असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं आम्ल मारा, धुवा आणि लगेच कोरडी करा. ओली ठेवलीत तर तासाभरात पुन्हा तांबूस छटा येऊ शकते. मग गंजरोधक प्रायमर द्या आणि त्यावर रंग. हत्यारांना रंगाऐवजी तेलाचा पातळ हात पुरतो. रंग वाळल्यावर कडा, वेल्डिंगचे जोड आणि स्क्रूची डोकी पुन्हा एकदा तपासा. तिथे थर पातळ बसतो आणि गंज बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतो.