नागपूरहून हेमकुंड: आधी फुलांची दरी, मग सरोवर

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे, तर उत्तराखंडातलं हेमकुंड सरोवर सुमारे ४३०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ६० टक्केच असतो. त्यामुळे ट्रेकची आखणी पायांपेक्षा फुप्फुसांचा विचार करून करावी. हेमकुंडच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव म्हणजे घांघरिया. तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी हेमकुंडला निघू नका. तो दिवस व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानाला द्या आणि सरोवर त्यानंतरच्या दिवशी करा.

तयारी, दोन महिने आधी. घांघरिया ते हेमकुंड चढाई साधारण १२०० मीटरची आहे, म्हणजे दहा मजली इमारत चाळीस वेळा. अंबाझरी तलावाला रोज फेऱ्या मारून दम वाढेल, पण चढाचा सराव होणार नाही. आठवड्यातून तीनदा पाच किलोची सॅक पाठीवर घेऊन जिने चढा. लिफ्टने नव्हे, पायीच उतरा, कारण गुडघे दुखतात ते उतारावर. रविवारी रामटेकचा गड चढा. बूट याच काळात वापरून मऊ करून घ्या. उन्हाळ्यात ४५ अंश सोसल्याचा विरळ हवेत काही उपयोग होत नाही.

कधी जावं? हेमकुंडाच्या गुरुद्वाऱ्याची यात्रा साधारण मे अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर खुलं असतं. जूनमध्ये वाटेवर बर्फ असतो. फुलं मध्य-जुलै ते मध्य-ऑगस्ट भरात असतात, पण नेमक्या तेव्हाच दरडी कोसळतात. सप्टेंबरमध्ये फुलं कमी, आकाश बरंच मोकळं. सरोवरच पाहायचं असेल तर आमचं मत सप्टेंबरला. यात्रेची ऑनलाइन नोंदणी निघण्याआधी करा.

प्रवास. नागपूर ते दिल्ली रेल्वे, पुढे हरिद्वार किंवा ऋषिकेश. तिथून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, अख्खा दिवस जातो, म्हणून पहाटेच निघा. रोख रक्कम जोशीमठलाच काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून शेअर जीपने पुलना आणि पुढे सुमारे १० किलोमीटर पायी घांघरिया (३०५० मीटर). सामान खेचराला देता येतं.

दरीचा दिवस. गावाबाहेर वनखात्याची चौकी आहे. ओळखपत्र न्या आणि सकाळीच प्रवेश घ्या, दुपारनंतर आत सोडत नाहीत. दरीत मुक्काम करता येत नाही, खेचरंही नेता येत नाहीत. आत चहाची टपरी नाही, म्हणून दोन लिटर पाणी आणि डबा सोबत ठेवा. फुलं तोडू नका, वाट सोडू नका. थोडं उंच जाऊन पुन्हा घांघरियातच झोपायचं, हाच या दिवसाचा फायदा.

सरोवराचा दिवस. पहाटे पाचला निघा. अंतर ६ किलोमीटर, पण चढ सलग. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. वर पोहोचता पोहोचता पायऱ्यांची आडवाट लागते. अंतर वाचतं म्हणून लोक तिकडे वळतात आणि पन्नास पायऱ्यांत धापा टाकू लागतात. वळणांची खेचरवाट लांब असली तरी तीच धरा. मात्र खेचर येताना डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही.

जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. छत्रीऐवजी पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) घ्या. गरम कपडे आणि कोरड्या मोज्यांचा जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. तलावात बुडी मारायची असेल तर एकच, आणि लगेच अंग कोरडं करा. गुरुद्वाऱ्यात गरम चहा-खिचडी मिळते. ब्रह्मकमळं दिसतील, ती तिथेच राहू द्या. वर मुक्कामाची सोय नाही, दुपारी दोनच्या आत उतरायला लागा.

त्रास झाला तर. नुसतं डोकं दुखत असेल तर थांबा, पाणी प्या. दुखणं वाढलं किंवा उलटी झाली तर सरोवर अर्ध्या तासावर असलं तरी खाली वळा. सरळ रेषेत चालताना तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं ही धोक्याची खूण आहे. अशा माणसाला एकटं सोडू नका, लगेच खाली न्या. गोळीने डोकेदुखी दबते, उंची कमी होत नाही. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, हे नागपुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा. बीपी, हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर तपासणी आधी, तिकीट नंतर.

परतीचं रेल्वे तिकीट ऋषिकेशला पोहोचण्याच्या दिवसाचं काढू नका. दरड कोसळून रस्ता बंद पडला की तासन्‌तास, कधी दिवसभर अडकावं लागतं. मधे निदान एक मोकळा दिवस ठेवा.