विंडोज ११ मध्ये खिडक्या शेजारी-शेजारी कशा लावाव्यात

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तोपर्यंत चालढकल केलेल्या अनेकांनी आपला संगणक विंडोज ११ वर नेला. त्यानंतर ज्यांना रोज दोन कागदपत्रे समोरासमोर ठेवून काम करावे लागते, त्यांना एक गोष्ट लगेच खटकते. टास्कबारच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक केली की पूर्वी जी लांबलचक यादी उघडत असे, तिच्यातली ‘शो विंडोज साइड बाय साइड’ ही आज्ञा आता तिथे नाही. अद्ययावत विंडोज ११ मध्ये त्या जागी टास्क मॅनेजर आणि टास्कबारच्या सेटिंग्ज एवढेच दिसते. ही आज्ञा सेटिंग्जच्या एखाद्या कोपऱ्यात दडलेली नसून यादीतून काढूनच टाकलेली आहे, त्यामुळे ती शोधण्यात वेळ घालवू नये. (या लेखात ‘विंडोज’ म्हणजे प्रणाली आणि ‘खिडकी’ म्हणजे पडद्यावर उघडलेली चौकट, असा फरक ठेवला आहे, नाहीतर वाक्यावाक्याला गोंधळ होईल.)

माझे काम मुद्रितशोधनाचे असल्याने डावीकडे स्कॅन केलेले पान आणि उजवीकडे टंकलिखित मजकूर ही मांडणी मला दिवसभर लागते, म्हणून पुढची उदाहरणे त्याच कामातली आहेत.

सर्वांत सोपा मार्ग कळफलकाचा आहे. ज्या खिडकीला डावीकडे पाठवायचे आहे तिच्यावर एकदा क्लिक करावे आणि स्पेसबारच्या डावीकडे, ऑल्टच्या शेजारी असलेली विंडोजची कळ दाबून ठेवून डावा बाण दाबावा. खिडकी पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापते आणि उजव्या अर्ध्या भागात बाकीच्या उघड्या खिडक्यांची छोटी चित्रे दिसू लागतात. त्यांपैकी हवी ती निवडली की ती उजवीकडे बसते. ही सोय मुळात नवी नाही. बाणांची ही युक्ती २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून आहे, पण टास्कबारवरची आज्ञा हाताशी असल्याने अनेकांना तिची गरजच पडली नव्हती. डाव्या बाणानंतर विंडोजची कळ तशीच दाबलेली ठेवून वरचा बाण दाबला, तर खिडकी वरच्या डाव्या चतुर्थांशात जाते. संगणकाला दोन पडदे जोडलेले असतील, तर विंडोज आणि शिफ्ट या कळांसह डावा किंवा उजवा बाण दाबल्यावर खिडकी दुसऱ्या पडद्यावर सरकते.

विंडोज ११ ने खरी भर घातली आहे ती तयार मांडण्यांची, ज्यांना तिथे ‘स्नॅप लेआउट्स’ म्हणतात. खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, बंद करण्याच्या फुलीशेजारी जे मोठे करण्याचे बटण असते, त्यावर क्लिक न करता पॉइंटर क्षणभर स्थिर ठेवावा. लगेच एक छोटा तक्ता उघडतो आणि त्यात दोन समान भाग, एक रुंद व एक अरुंद भाग, एका बाजूला पूर्ण उंचीची व दुसऱ्या बाजूला एकाखाली एक अशा दोन खिडक्या, किंवा चार चतुर्थांश अशा मांडण्या दिसतात. ज्या घरात चालू खिडकी बसवायची आहे त्या घरावर क्लिक करावे. उरलेल्या घरांसाठी विंडोज एकामागून एक विचारत जाते. हाच तक्ता विंडोजच्या कळेसह झेड दाबूनही उघडतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या मोठ्या सुधारणेपासून त्यातल्या मांडण्यांवर आकडेही दिसतात, म्हणजे माउसला हात न लावता आधी मांडणीचा आणि मग घराचा आकडा दाबता येतो. त्याच सुधारणेपासून खिडकी शीर्षकपट्टीला धरून पडद्याच्या वरच्या कडेकडे ओढली तरी मांडण्यांची पट्टी खाली उतरते. मुद्रितशोधनाला मला समान भागांपेक्षा रुंद-अरुंद मांडणी सोयीची वाटते, कारण स्कॅनमधली बारीक अक्षरे मोठी करून पाहावी लागतात. पण एकदा खिडक्या लावल्यावर दोहोंमधली सीमारेषा धरून ओढली, तर दोन्ही एकाच वेळी लहानमोठ्या होतात, त्यामुळे सुरुवातीची निवड अंतिम मानण्याचे कारण नाही.

तीन उभ्या भागांची मांडणी आपल्या लॅपटॉपवर दिसत नाही, ही तक्रार नेहमी कानी येते. तिचे कारण बहुधा पडद्याच्या प्रमाणात, म्हणजे अक्षरे-चित्रे किती मोठी करून दाखवायची या टक्केवारीत असते. तीन रकान्यांसाठी पडद्याची प्रभावी रुंदी किमान १९२० पिक्सेल असावी लागते. लॅपटॉपचा पडदा १९२० बाय १०८० चा असला आणि अक्षरे वाचता यावीत म्हणून प्रमाण १५० टक्के ठेवलेले असले, तर विंडोजच्या हिशेबी ती रुंदी १२८० एवढीच उरते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले आणि तिथे स्केल असे जाऊन हे प्रमाण १०० टक्के केल्यास मांडणी दिसू लागते. मात्र चौदा इंची पडद्यावर इतकी बारीक अक्षरे दिवसभर वाचण्यापेक्षा दोन भागांवर समाधान मानलेले डोळ्यांना परवडते.

तक्ता मुळीच उघडत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग या वाटेने ‘स्नॅप विंडोज’ हे बटण चालू आहे का ते पाहावे आणि त्याच्या बाजूचा बाण उघडून आतील खुणाही तपासाव्यात. एक खिडकी लावल्यावर शेजारी काय ठेवायचे ते सुचवणे, मोठे करण्याच्या बटणावर तक्ता दाखवणे, खिडकी वर ओढल्यावर पट्टी दाखवणे, अशा प्रत्येक वर्तनाला तिथे स्वतंत्र खूण आहे. स्वतःची वेगळी शीर्षकपट्टी काढणाऱ्या काही प्रोग्रामांत बटणावरचा तक्ता येत नाही. तिथे बाणांच्या कळा वापराव्यात. काही प्रोग्राम ठरावीक रुंदीपेक्षा लहान होण्यास तयारच नसतात आणि शेजारच्या खिडकीवर चढून बसतात. त्यांना रुंद घर देण्यावाचून उपाय नाही.

ब्राउझरमधली दोन पाने शेजारी हवी असतील, तर त्यांपैकी एक टॅब पट्टीतून खाली ओढून आधी तिची स्वतंत्र खिडकी करावी लागते. एकाच खिडकीतल्या दोन टॅब विंडोजला सहसा वेगळ्या दिसत नाहीत. वर्डमधले दोन मसुदे ओळीला ओळ लावून ताडायचे असतील, तर मात्र विंडोजच्या मांडणीपेक्षा वर्डमधलीच सोय वापरावी. तिथे व्ह्यू या टॅबखाली ‘व्ह्यू साइड बाय साइड’ ही आज्ञा अजून शाबूत आहे आणि तिच्यासोबतचे ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ चालू असले की एक मसुदा खाली सरकवताच दुसराही तेवढाच सरकतो.

जुन्या आज्ञेची एक बाजू खरोखरच गेली आहे. ती काही न विचारता उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या एका दमात मांडत असे, अर्थात सहा खिडक्या उघड्या असल्या की एकीतलेही धड वाचता येत नसे. त्या बदल्यात नवी पद्धत एकत्र लावलेल्या खिडक्यांचा गट लक्षात ठेवते. मध्येच ईमेल पाहण्यासाठी दुसरी खिडकी पूर्ण पडद्यावर उघडली, तरी टास्कबारवरील वर्डच्या चिन्हावर पॉइंटर नेल्यावर किंवा ऑल्ट आणि टॅब दाबल्यावर तो गट एकत्र दिसतो आणि एका क्लिकमध्ये स्कॅन व मजकूर पुन्हा आपापल्या जागी येतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की मात्र हा गट राहत नाही, त्यामुळे सकाळी मांडणी नव्याने लावावी लागते. बाहेरचा पडदा काढल्या-जोडल्यावर खिडक्या विखुरत असतील, तर डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ‘मल्टिपल डिस्प्लेज’ या भागात, कोणता पडदा जोडलेला आहे त्यानुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची जी खूण असते, ती केलेली असावी.