सी ड्राइव्हची इमेज: काढावी कशी आणि तपासावी कशी

फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवण्याची सवय बऱ्याच घरांत असते. परंतु ज्या सी ड्राइव्हवर विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि वर्षानुवर्षे जुळवत आणलेल्या सेटिंग असतात, तो तसाच राहून जातो. हा ड्राइव्ह कॉपी-पेस्ट करून वाचवता येत नाही, कारण चालू विंडोजच्या कित्येक फाइली सतत वापरात असतात आणि संगणक सुरू करून देणारे ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला भाग) तर एक्सप्लोररमध्ये दिसतही नाही. त्यासाठी संपूर्ण पार्टिशनची सिस्टिम इमेज, म्हणजे एकत्रित हुबेहूब प्रतच घ्यावी लागते.

एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत) फॉरमॅटची बाह्य हार्ड डिस्क जोडावी. साधा पेनड्राइव्ह येथे चालत नाही. मग कंट्रोल पॅनेलमधील 'बॅकअप अँड रिस्टोअर' उघडून 'क्रिएट अ सिस्टिम इमेज' निवडावे. त्या नावापुढे अजून 'विंडोज ७' लिहिलेले असले, तरी विंडोज १० आणि ११ मध्येही ते आहे. ईएफआय आणि सी ही पार्टिशन आपोआप निवडलेली असतात, ती तशीच राहू द्यावीत. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्यावी. शिवाय डिस्कवरची इमेज कुलूपबंद नसते, म्हणून ती डिस्क कपाटातच ठेवावी.

काम संपल्यावर डिस्कवर 'विंडोजइमेजबॅकअप' नावाचे फोल्डर तयार होते. त्याचे नाव बदलू नये आणि ते दुसऱ्या फोल्डरमध्येही हलवू नये. मी एकदा नीटनेटकेपणासाठी ते 'जुने बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले आणि ऐन गरजेच्या वेळी रिकव्हरीला इमेज सापडेना. फोल्डर पुन्हा डिस्कच्या मुळाशी, म्हणजे इतर सर्व फोल्डरांच्या बाहेर, आणल्यावरच ती दिसली.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. किमान १६ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' वापरून रिकव्हरी ड्राइव्ह बनवावा, त्यावरून संगणक सुरू करावा आणि 'ट्रबलशूट'मधील प्रगत पर्यायांतून 'सिस्टिम इमेज रिकव्हरी'पर्यंत जावे. तेथे आपल्या इमेजची तारीख आणि वेळ दिसली, की 'कॅन्सल' दाबून बाहेर पडावे. पुढे गेल्यास सध्याचा सी ड्राइव्ह पुसून त्यावर जुनी इमेज चढेल.